भागोजीच्या पुस्तकातून गाळलेली पानं

भागोजी धनावडेबद्दल लोक हल्ली फार गोड बोलतात. भाबडा माणूस, देवभोळा, गावासाठी झटणारा, असं काहीबाही. मला ते ऐकवत नाही. भागोजी भाबडा नाही आणि देवभोळा तर मुळीच नाही. त्याला सूड हवा होता. तो त्याने कसा घेतला हे मी समोर उभी राहून पाहिलंय, म्हणून लिहिते.

आमचं तळेकोंड रत्नागिरीपासून एसटीने तासाभरावर. भागोजीचा बाप मुंबईला गिरणीत, आई राही गावात भाताची शेती बघायची. सगळ्या घरांची हीच तऱ्हा. कसणाऱ्या कुळाची जमीन होणार असा कायदा आला, तेव्हा भागोजी लहान होता. पुरुष मुंबईत आहेत हे हेरून गावच्या खोताने घरोघरच्या बायकांना आपल्या ओटीवर बोलावलं आणि रेशनचे कागद आहेत म्हणून अंगठे घेतले. कागदावर लिहिलं होतं, जमीन स्वखुशीने सोडत आहोत. राही त्या रांगेत होती. आता साखर मिळणार म्हणून ती खुशीत घरी आली, हे सांगताना भागोजीचा आवाज चढत नसे. माझा चढायचा.

पुढे भागोजीही गिरणीत लागला. ब्याऐंशीच्या संपात नोकरी गेली, तसा गावी परतला आणि अशा बायकांच्या हकिगती लिहून घेत केळशीपासून राजापुरापर्यंत पायपीट करू लागला. मी तेव्हा कुळांच्या हक्कांच्याच कामात होते. शाळा चौथीपर्यंत, बाकीचं शिक्षण मोर्च्यात आणि कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर. त्याचं पुस्तक तयार झालं ते मी पहिल्यांदा वाचलं. एकेका गावाचं एकेक प्रकरण, सगळं नावानिशी. अंगठा कोणाचा, घेतला कोणी, जमीन कुठली. शेवटचं प्रकरण तळेकोंडाचं.

मुंबईचा एक प्रकाशक ते छापायला तयार होता. भागोजीने त्याला नाही म्हणून कळवलं. त्याला पुस्तक रत्नागिरीत हरिहरभाऊंकडेच द्यायचं होतं. हरिहरभाऊ म्हणजे आमच्या त्याच खोताचा मुलगा. बाप वारला होता. मुलाचा शहरात छापखाना, स्वतःचं प्रकाशन, आणि वाचनालयात कोणी माईक पुढे केला की पुरोगामी भाषण. मी भागोजीला म्हटलं, डोकं फिरलंय का तुझं?

तो म्हणाला, "बापानं घेतलेले अंगठे लेकाकडून छापून घेनार. त्याच्या मशीनवर, त्याच्या शाईनं."

मलाही ते गोड लागलं.

भाऊंनी पुस्तक वाचायला ठेवून घेतलं आणि काही दिवसांनी आम्हा दोघांना बोलावलं. भागोजीला खुर्ची दिली, चहा मागवला. वडिलांनी केलं ते केलं, इतिहास लपवून काय मिळणार, असं म्हणाले. वर मला चिमटा, की बाई, तुम्हाला वाटलं असेल मी घाबरेन. मग करारपत्र पुढे सरकवलं. मजकुरात योग्य ते फेरफार करण्याचा अधिकार प्रकाशकाला, असं त्यात एक कलम होतं. भागोजीने बोट ठेवून विचारलं. ते शुद्धलेखनापुरतं असतं, सगळ्याच लेखकांना असतं, असं भाऊ म्हणाले. भागोजीने सही केली.

प्रुफं आली त्यात तळेकोंड होतं. पुस्तक आलं त्यात नव्हतं. प्रस्तावनेत भाऊंच्या दोन ओळी, की पुराव्याअभावी काही भाग वगळावा लागला. म्हणजे जिल्ह्यातल्या बाकी खोतांविरुद्ध पुरावा होता, फक्त यांच्या बापाविरुद्ध नव्हता. आणि पेपरात वाहवा कोणाची, तर कुळांचा आवाज छापणाऱ्या धाडसी प्रकाशकाची.

मी छापखान्यात जाऊन ती प्रत भाऊंच्या टेबलावर आपटली. ते शांतपणे म्हणाले, त्याने वाचून सही केली आहे, कोर्टात जा. भागोजी दारातच उभा होता. मी किती शिव्या दिल्या ते मोजलं नाही, पण त्याने एकही दिली नाही. त्याने एवढंच विचारलं, भाऊ शिमग्याला गावात येणार ना? येणार की, भाऊ म्हणाले, पालखी दारात यायची म्हटल्यावर.

शिमग्याला देवाची पालखी घरोघर जाते. यजमान हातात नारळ घेऊन उभा राहतो आणि मानकरी देवाला त्या घराचं गाऱ्हाणं घालतो. दर वाक्याला लोक "होय महाराजा" म्हणतात. गाऱ्हाणं पुरं होईपर्यंत कोणी मध्ये बोलत नाही, यजमान नारळ खाली ठेवत नाही. तळेकोंडात गाऱ्हाण्याचा मान धनावड्यांचा. खोताने त्यांची जमीन घेतली, मान घेतला नाही. मानाचं भात थोडंच पिकतं. त्या वर्षी भागोजीने तो चुलत्याकडून मागून घेतला.

भाऊंनी शहरातून पाहुणे आणले होते. वाचनालयाची मंडळी, एक पेपरवाला, कॅमेरे. अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. भाऊ सोवळं नेसून नारळ घेऊन उभे.

"बा देवा केदारलिंगा, बारा वहिवाटीच्या राजा, हा तुझा यजमान तुझ्यापुढं उभा हाय."

"होय महाराजा."

"ह्याच्या बापानं ह्याच ओटीवर गोदाचा अंगठा घेतला नि तळ्याखालचं शेत घेतलं."

उत्तर द्यायचं काम पुरुषांचं, पण बायकांच्या घोळक्यातून म्हाताऱ्या गोदाचाच आवाज आला, "होय महाराजा." मग सगळं गाव बोललं.

मथुरा झाली, हौसा झाली. पुस्तकातल्या क्रमाने, एक शेत चुकलं नाही. भाऊ खालच्या आवाजात म्हणाले, "पुरे रे भागोजी, पाहुणे आलेत."

भागोजीने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "देवा, यजमानाचे पाय दुखतायत. त्याला उभं राहायचं बळ दे."

"होय महाराजा." पोरं फिदीफिदी हसली. शेवटी राहीचं नाव आलं.

"ह्ये सगळं लिवलेलं होतं देवा, ह्यानं गाळलं. खोटं असंल तर माझी जीभ झडू दे. खरं असंल तर यजमानानं आपल्या तोंडानं म्हनावं."

पालखी खांद्यावर तशीच. पाहुणे भाऊंकडे बघत होते. भाऊ नारळ या हातातून त्या हातात घेत होते, ते मी मुद्दाम पुढे जाऊन पाहिलं. अखेर भाऊ पुटपुटले, "होय महाराजा."

पेपरवाल्याने यातली एकही ओळ छापली नाही, तो भाऊंकडेच जेवला होता. जमीन अजून त्यांच्याच नावावर आहे. मात्र भाऊ शिमग्याला येत नाहीत. दाराला कुलूप असतं. पालखी त्या कुलपासमोर थांबते, घर राखणारा गडी नारळ धरतो आणि गाऱ्हाणं सगळंच्या सगळं होतं.

मध्ये पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली, तीही तळेकोंडाशिवाय. मी चिडून भागोजीकडे गेले. तो गोठ्याची कुडाची भिंत बांधत होता.

"निघू दे गो," तो म्हणाला. "गाऱ्हान्यात त्याची भर घालतो."

यंदा घातली.