खाडीपर्यंत नेलेले अर्थिंग

लीलाधर शिवराम गुडेकर भाईंदर पश्चिमेच्या बाजारपेठेत रेडिओ दुरुस्त करीत असत. ते मूळचे राजापूर तालुक्यातले. विसाव्या वर्षी ते एका पत्र्याच्या पेटीसह भाईंदरला आले आणि त्याच पेटीवर बसून त्यांनी दुकान थाटले. दुरुस्त केलेल्या प्रत्येक रेडिओच्या पोटात ते एक चिठ्ठी चिकटवीत. तिच्यावर तारीख, बिघाड आणि मालकाचा स्वभाव अशा तीन नोंदी असत. पुढच्या खेपेला कोणाशी किती वेळ बोलावे लागेल, याचा अंदाज त्यामुळे आधीच येई.

जगातील बहुतेक दुःखे अर्थिंग नीट नसल्यामुळे उद्भवतात, असे त्यांचे ठाम मत होते. रेडिओ खरखरला तरी अर्थिंग आणि शेजारी भांडला तरी अर्थिंग. पत्नी मंदाताई चिडल्या, की ते त्यांना अंगणातल्या ओल्या मातीवर अनवाणी उभे राहण्याचा सल्ला देत. मंदाताई उभ्या राहत नसत, त्यामुळे उपायाची परीक्षा कधीच झाली नाही.

१९७१ च्या ऑक्टोबरात बाजारामागच्या दवाखान्यातील डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढणारे यंत्र आणले. आकाराने ते सुटकेसएवढे होते आणि मुंबईतल्या कोणाकडून तरी वापरलेलेच विकत घेतले होते. हातापायांना चार पट्टे बांधायचे, पेशंटने हलायचे नाही, बोलायचे नाही, आणि कागदाच्या पट्टीवर काळजाच्या ठोक्यांची रेषा उमटायची. मात्र पहिल्या दिवशी उमटलेली रेषा सुरवंटासारखी केसाळ होती. डॉक्टरांनी गुडेकरांना बोलावले. गुडेकरांनी यंत्राला हात लावण्यापूर्वी भिंतीतल्या तारेला हात लावला आणि निदान सांगितले.

डॉक्टरांचा विश्वास बसायला वेळ लागला, पण गुडेकर कामाला लागले होते. दवाखान्याच्या मागे शंभर पावलांवर मिठागराचा बांध होता. तिथली माती बाराही महिने ओली आणि खारट असे. अशा मातीइतके उत्तम अर्थिंग अन्य कुठे मिळणार नाही, असे गुडेकरांनी सांगितले आणि ते खरेही होते. त्यांनी बांधात आठ फूट लोखंडी नळी ठोकली आणि तिथून दवाखान्याच्या खिडकीपर्यंत तांब्याची उघडी तार ताठ ओढून आणली. रेषा तत्काळ गुळगुळीत झाली. त्या आनंदात त्यांनी यंत्राला स्वतःची एक भर घातली. प्रत्येक ठोक्याला लुकलुकणारा एक तांबडा दिवा त्यांनी यंत्राच्या माथ्यावर बसवला. डॉक्टरांना तो अनावश्यक वाटला, परंतु बाहेर बाकांवर बसलेल्या मंडळींना फार आवडला. दारातून वाकून आपल्या आधीच्या पेशंटचे ठोके मोजण्याची त्यांना सवय लागली. यंत्राच्या पोटात गुडेकरांनी चिठ्ठी लावली : "१२ ऑक्टोबर. बिघाड : केसाळपणा. मालक : सज्जन, घाईचे."

दिव्याने पहिला मोठा बळी घेतला तो कमळाबाईंचा. कमळाबाई कोळीण एकतीस वर्षे बाजारात मासळी विकत होत्या. त्यांचे घर दवाखान्याच्या अगदी पाठीमागे होते. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन त्या ताठ चालत, तेव्हा रस्त्यातले लोक आपोआप बाजूला होत. नवसाचा निर्जळी उपवास करून त्या भर उन्हात बाजारात बसल्या होत्या. तिथे त्यांना भोवळ आली. सुनेने, म्हणजे दुर्गाने, त्यांना दवाखान्यात आणले. पट्टे बांधले गेले आणि दिवा पेटला. तो ठोके देत होता की टाळ वाजवीत होता, हे कळेना. एका ठोक्याच्या जागी कधी दोन, कधी तीन, मध्येच काही नाही, मग एकदम चार. कमळाबाईंचा चेहरा लालबुंद झाला होता. काहीतरी सांगण्यासाठी त्या धडपडत होत्या, पण बोलायचे नाही असा डॉक्टरांचा दंडक होता.

डॉक्टरांनी पट्टी दोनदा पाहिली आणि पाटी खाली ठेवण्याचा हुकूम दिला. पंधरा दिवस पूर्ण विश्रांती, मग पुन्हा तपासणी. तेव्हाही रेषा अशीच निघाली, तर धंदा कायमचा बंद.

"डोक्यावर पाटी न्हाय, तर डोकं कशाला हाय?" कमळाबाईंनी विचारले. डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला बोलावले.

बाजारातल्या जागेवर दुर्गा बसू लागली. कायमचे घरी बसावे लागले, तर कमळाबाईंनी धाकट्या लेकीकडे वरसाव्याला जाऊन राहायचे, असे मुलाने परस्पर ठरवले होते. वरसाव्याला बाजार नव्हता. भाव करायला माणूस नाही अशा गावात आपले काय होईल, या चिंतेने कमळाबाईंना खरोखरच धडधडू लागले. त्या रोज सकाळी गुडेकरांच्या दुकानापुढे येऊन उभ्या राहत.

"रेडिओवाल्या, तुज्या दिव्यानं माजी पाटी उतरवली."

गुडेकर मान खाली घालीत. दिवा ठोके दाखवतो, बनवीत नाही, हे त्यांनी एकदा समजावून पाहिले. कमळाबाई म्हणाल्या, की काळीज माजं, दिवा तुजा, आणि बोंब तुज्याच दिव्यानं मारली.

पुढे परिस्थिती बिघडत गेली. दहा दिवसांत अकरा जणांच्या रेषा कमळाबाईंसारख्याच निघाल्या. वरसाव्याचा विठू होडीवाला खोकल्याचे औषध घ्यायला आला होता. त्याला हृदयविकार निघाला आणि वल्हे मारायची मनाई झाली. खुद्द कंपाउंडर राघोने गंमत म्हणून पट्टे बांधून घेतले आणि आपली रेषा पाहून तो खुर्चीत बसूनच औषधे मोजू लागला. सकाळी रेषा बरी येई, दुपारी बिघडे. डॉक्टरांनी याचा विचार करून अंतिम निष्कर्ष काढला, की खाऱ्या हवेमुळे भर उन्हात बळावणारा हा एक नवाच हृदयविकार असावा. त्यांनी त्याचे नाव 'खाडीकाठची धडधड' असे ठेवले आणि वैद्यकांच्या नियतकालिकासाठी निबंध लिहायला घेतला. निबंधाची चार पाने झाली होती.

गुडेकर अस्वस्थ होते. नवा रोग आणि नवे यंत्र एकाच महिन्यात गावात यावेत, हे त्यांच्या व्यवस्थित मनाला पटेना. चौदाव्या दिवशी दुपारी ते दवाखान्यात गेले. त्यांनी यंत्र उघडले, एकेक भाग तपासला. दोष सापडेना. तेव्हा त्यांनी सदरा काढला, घडी करून खुर्चीवर ठेवला आणि स्वतः टेबलावर आडवे झाले. राघोने बसल्या बसल्याच पट्टे बांधले. डॉक्टर खिडकीकडे पाठ करून पट्टी वाचू लागले.

तपासणीच्या खोलीची खिडकी बायाबापड्यांच्या संकोचासाठी खालून पांढऱ्या रंगाने रंगवलेली होती. वरची एक काच तेवढी स्वच्छ होती आणि ती टेबलावर उताणे पडलेल्या माणसालाच दिसे. गुडेकरांना त्या काचेतून आपली तार दिसली. तार तांब्याची दिसत नव्हती. तिच्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोंबील लटकत होते. दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोड्या घातल्या होत्या, अगदी शिस्तीत, समान अंतरावर. क्षणभर गुडेकरांना त्या मांडणीचे कौतुकच वाटले. इतक्यात एक कावळा तारेवर बसला. तार झुलली. दिवा दोनदा लुकलुकला. दुसरा कावळा बसला, दिवा चारदा लुकलुकला. पहिल्याने बोंबील ओढला आणि दिव्याने जणू तुळजापूरचा गोंधळ घातला.

"कावळा," गुडेकर म्हणाले.

"बोलू नका," डॉक्टर म्हणाले.

"डॉक्टरसाहेब, दुसरा आला."

डॉक्टरांनी पट्टीकडे पाहिले, गुडेकरांच्या डोळ्यांकडे पाहिले आणि राघोला हळूच इंजेक्शन भरायला सांगितले. हातपाय बांधलेले असल्यामुळे गुडेकरांना बोट दाखवता येईना. मग त्यांनी डोळे खिडकीकडे लावून कावळ्यांच्या हालचाली मोठ्याने सांगायला सुरुवात केली. बसला. उडाला. दोन बसले. डॉक्टरांची नजर पट्टीवर होती आणि प्रत्येक शब्दाबरोबर रेषा उडी मारीत होती. सहाव्या कावळ्याला डॉक्टर वळले. काच उंच असल्यामुळे त्यांना काही दिसेना, म्हणून ते स्टुलावर चढले आणि बराच वेळ खाली उतरले नाहीत.

राघो आजारपण विसरून कावळे हाकलायला धावला. कावळे उडाले आणि दिवा घड्याळासारखा शांत चालू लागला. बोंबलांच्या ओझ्याने बांधावरचा सांधा सैल झाला होता. तार हलली की तो सुटे, पुन्हा लागे, आणि दर वेळी रेषेत एक ठोका वाढे. उन्हात वाळवण, वाळवणावर कावळे, म्हणून धडधड दुपारची.

गुडेकर सदरा घालून थेट मागच्या घराच्या अंगणात गेले. कमळाबाई आणखी एक टोपलीभर बोंबील घेऊन तारेखाली उभ्या होत्या. घरी बसवल्यापासून त्यांना हाच उद्योग उरला होता, त्यामुळे जितकी त्यांची विश्रांती वाढली, तितका गावातला हृदयविकार वाढला होता. अंगणातून कुणी ताठ तार ओढली, तर ती बोंबलांसाठीच असणार, यात त्यांना शंका आली नव्हती. चांगले काम केलेय, कोणी केलेय कोण जाणे, असेच त्या पंधरा दिवस म्हणत होत्या.

गुडेकरांनी सर्व हकिकत क्रमवार सांगितली. कमळाबाईंनी ऐकून घेतली आणि मग कमरेवर हात ठेवले.

"त्या दिशी मी टेबलावर पडलेली, तवा कावला माजा बोंबील खात व्हता. मी सांगाया जातंय, तर डाक्टर म्हनतो गप ऱ्हा. काळीज धडधडंल न्हाय तर काय?"

उद्या तपासणी होती. तार मोकळी केल्याखेरीज रेषा सरळ येणार नव्हती. परंतु बोंबील अर्धेच वाळले होते. आज काढले तर सडणार. गुडेकरांनी पाटीची आठवण दिली. कमळाबाईंनी बोंबलांची आठवण दिली. शेवटी त्यांनी बाजारात शोभावा असा सौदा मांडला : बोंबील काढते, पण त्याआधी बांबू रोवून, दोर ताणून आपल्याला बोंबील वाळवायची दुसरी वलांडी बांधून दे, आणि दोर तारेइतकाच ताठ पाहिजे. गुडेकरांनी लांबी कमी करण्याचा प्रयत्न केला. एकतीस वर्षांच्या अनुभवापुढे त्यांचा टिकाव लागला नाही. सुरुवातीला वीस फूट ठरलेली वलांडी तीस फुटांवर गेली. संध्याकाळपर्यंत ते आणि राघो खड्डे खणत होते. दोर ताठ आहे की नाही, हे कमळाबाईंनी बोटाने वाजवून पाहिले आणि एक टोक सोडवून पुन्हा बांधायला लावले. मगच जोड्या एकेक करून हलल्या. गुडेकरांनी सांधा घट्ट केला आणि तार फडक्याने पुसली. तरी तिला वास येत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, मुद्दाम कावळ्यांच्या वेळेला, कमळाबाई टेबलावर पडल्या. गुडेकर दाराशी उभे होते. दिवा लागला. ठोका, मग ठोका, मग ठोका. मधे कोणी बसले नाही, कोणी उडाले नाही. डॉक्टरांनी हातभर पट्टी काढली आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ वाचली.

"उपाशीपोटी उन्हात बसू नका. बाकी काही नाही."

"म्हंजे पाटी?"

"उचला."

कमळाबाईंनी स्वतःच पट्टे सोडले. त्यांना थांबवून अकरा जणांची फेरतपासणी होणार असल्याचे डॉक्टर सांगू लागले, पण त्या निघाल्या होत्या. फेरतपासणी झाली आणि सर्व जण धडधाकट निघाले. राघो उभा राहून काम करू लागला. फक्त विठू होडीवाल्याने बरे व्हायला नकार दिला. वल्हे बायको मारीत होती आणि त्याला पेज आयती मिळत होती. डॉक्टरांनी निबंधाची चार पाने ड्रॉवरमध्ये ठेवली. गुडेकरांनी यंत्र उघडून जुन्या चिठ्ठीखाली नवी लावली : "२८ ऑक्टोबर. बिघाड : कावळे. मालक : सज्जन, आता सावकाश."

कमळाबाई घरी गेल्या, पाटी भरली, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि पाटी उचलली. बाजारात पोचल्या, तेव्हा त्यांच्या जागेवर दुर्गा बसली होती आणि तिच्यासमोर गिऱ्हाइकांचा घोळका होता. पंधरा दिवसांत सुनेने आवाज कमावला होता. एका पारशी शेठला ती हिंदीत सांगत होती, की भाव पाहिजे तर हलव्याचा करा, माझा करू नका. कमळाबाई पाटी डोक्यावर ठेवूनच तिचा सौदा शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. शेठ हरला. दुर्गाने वर पाहिले आणि सासूला पाहून ती फळीवरून उठू लागली.

कमळाबाईंनी पाटी उतरवून तिच्या पाटीशेजारी ठेवली.

"उठतेस कशाला," त्या म्हणाल्या. "जराशी सरक."