सात महिने साबणाचं पाणी

निवृत्तीनंतर घरामागच्या शेडमध्ये मी वर्कशॉप काढलं. वस्तू म्हणाल तर अजून एकही धड बनलेली नाही, पण सांगण्यासारखं मात्र ढीगभर साठलंय. कॉलेजात आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं, तेव्हाही एवढं साठलं नव्हतं! लातूरला आमच्याकडे कुणी चहाला आलं की एखादा किस्सा निघतोच.

आधी थोडी कल्पना देतो. वेल्डिंगला दोन गॅस लागतात, ऑक्सिजन आणि ॲसिटिलीन. सिलिंडर आत नकोत म्हणून ते शेडबाहेर, उघड्या हवेत, जाळीच्या पिंजऱ्यात साखळीने बांधून उभे केले. तिथून पाइप भिंतीतून आत, टेबलापर्यंत. पहिलं काम ठरलेलं होतं. सुमनच्या, म्हणजे बायकोच्या, लोखंडी झोपाळ्याचा एक पाय मोडला होता. रेणापूर नाक्याजवळ दुकान असलेले खाजाभाई वेल्डर म्हणाले, दहा मिनिटांत जोडून देतो. सुमन म्हणाली, "नको. हे करणार आहेत."

त्या दिवसापासून मला नीट झोप नाही.

*

पाइप आणायला गेलो. दुकानदाराने तांब्याचा पाइप काढला. मी त्याला वीस मिनिटं समजावलं, की ऑक्सिजनला तांबं चालतं, पण ॲसिटिलीन तांब्यात गेला तर असं संयुग बनतं की नुसत्या धक्क्याने स्फोट व्हावा. त्याला स्टीलच पाहिजे. मागे गिऱ्हाइकांची रांग लागली.

त्याने शांतपणे दोन्ही पाइप बांधून दिले. "दोन सुनांसारखं हाय म्हना की सर. एकीला चालतंय ते दुसरीला न्हाई!"

घरी येऊन मी पुस्तक उघडलं, आपण बरोबर सांगितलं ना ते बघायला. बरोबर होतं. मग पुस्तक बरोबर आहे का ते बघायला दुसरं पुस्तक उघडलं.

*

व्यंकटराव माझा शाळेपासूनचा मित्र, नायगावकडे शेती करतो. मदतीला आला आणि पान्याने ॲसिटिलीनचा नट आवळायला बसला. आवळतोय, घाम गाळतोय, आणि नट बाहेर येतोय! शेवटी नट हातात धरून म्हणाला, माल खराब आहे, परत देऊन ये.

मी सांगितलं, की जळणाऱ्या गॅसचे आटे मुद्दाम उलटे असतात, म्हणजे एकाची नळी चुकून दुसऱ्याला बसत नाही. ओळखायला नटावर खाच असते, म्हणजे लिहिलेलंच असतं.

"खाच म्हंजे लिवनं झालं व्हय? मास्तर, तू पोरायला पेपरात असंच लिवायचास काय?"

*

ऑक्सिजनजवळ तेल किंवा ग्रीस चालत नाही, आग लागू शकते. मी तशी पाटीच लावली. व्यंकटरावाला तीनदा हात धुवायला पाठवलं. मदतीला आलेल्या खाजाभाईंचे हात उलटसुलट करून पाहिले. मग मोठ्या समाधानाने ऑक्सिजनचा रेग्युलेटर उचलायला गेलो, तर खाजाभाईंनी मनगट धरलं.

"सर, डोक्याला काय लावलंय?"

खोबरेल! लहानपणापासून रोज सकाळी लावतो. आणि विचार करताना डोक्यावरून हात फिरवायची सवय. त्याआधी पाच मिनिटं मी विचारच करत होतो.

सुमनने साबण आणि पंचा आणून दिला. डोकं बांधून, हात धुऊन परत आलो, तेव्हा खाजाभाई म्हणाले, "सर, आज इचार बंद ठेवा."

*

पाइपांची लाइन झाली. आधी गळती तपासायला तिच्यात न जळणारा नायट्रोजन दाबाने भरून ठेवला, दुसऱ्या दिवशीही काटा हलला नव्हता. मग गॅस जोडले. प्रत्येक जोडाला ब्रशने साबणाचं पाणी लावलं. बुडबुडे नाहीत. वहीत लिहिलं, 'गळती नाही.'

खाजाभाई म्हणाले, पेटवा आता. मी म्हटलं, उद्या एकदा बघू. ते उद्या सात महिने चाललं. रोज सकाळी मी ब्रश घेऊन निघायचो, भिंतीमागचे जोड दिसावेत म्हणून सुमन आरसा धरायची, आणि मी तिला वर्गात सांगावं तसं कोणता वॉल्व्ह आधी आणि का, ते सांगायचो. खाजाभाई एकदा म्हणाले, "सर, लाइन धुऊन धुऊन झिजायली!"

पाडव्याला मात्र मुहूर्त ठरला. दोघे मित्र आले. मी वेल्डिंगचा टॉर्च हातात घेतला, खाली ठेवला, बाहेर जाऊन सिलिंडर पाहून आलो, आणि म्हटलं, आधी चहा घेऊ.

व्यंकटराव टेबलाजवळच्या एका पितळी नळकांड्याकडे बघत होता. हे काय, म्हणून त्याने विचारलं. मी सांगितलं, आग उलटी पाइपात शिरू नये म्हणून ते बसवलंय.

"बरं. अन् तू मागं फिरू नये म्हनून काय बसवलंयस?"

त्या दिवशी चहाच झाला. सुमन कप उचलून आत गेली, आणि मोडक्या झोपाळ्याकडे मला बघवेना.

*

पुढच्या महिन्यात एका विद्यार्थ्याच्या पीएचडीच्या तोंडी परीक्षेसाठी दोन दिवस नांदेडला गेलो. परतलो तेव्हा दुपार झाली होती. फाटकातून कुरकुर ऐकू आली. ओसरीवर झोपाळा चारही पायांवर उभा, आणि सुमन त्यावर बसून शेंगा सोलत होती. मोडलेल्या पायावर पितळेचा पिवळाधमक जोड होता.

मी तसाच शेडमध्ये धावलो. दोन्ही वॉल्व्ह बंद. लाइन रिकामी केलेली, काटे शून्यावर. वहीत माझ्या अक्षराखाली तिचं अक्षर, जोडागणिक एक ओळ, 'गळती नाही.'

खाजाभाईंना फोन लावला. ते म्हणाले, "जोड म्या भरला सर. पेटवलं भाभींनी. मी काय हात लावाया गेलो, तर आधी हात धुऊन या म्हनल्या."

ओसरीवर परत आलो. सुमन थोडी सरकली, शेजारी जागा केली. मी त्या जोडाकडे वाकून बघत होतो. तिने झोपाळ्याखालून साबणाच्या पाण्याची वाटी काढली, ब्रशसकट, आणि माझ्यापुढे धरली.

"आधी बसा," ती म्हणाली. "बुडबुडे आले तर उठा."