चित्रातल्या बाईचे कान

मागच्या मंगळवारी माझ्या पार्लरमध्ये भलताच पेच पडला. पुलगावात इतकी वर्षं नवऱ्या सजवतेय, पण असले फोटो घेऊन आजवर कोणी आलं नव्हतं.

नवरी नाचणगावची, सोबत तिची आई. लग्न रविवारी, म्हणून हेअरस्टाइलची ट्रायल घ्यायला आल्या होत्या. बाकीच्या मुली हिरॉइनचे फोटो दाखवतात... हिच्या मोबाइलमध्ये जुनी तैलचित्रं! दीड-दोनशे वर्षांपूर्वीच्या गोऱ्या बायका, मधोमध भांग, केस कानांवरून खाली आणलेले आणि मागे अंबाडा.

अंबाडा हा आपला माझा अंदाज. चित्रकाराने बाईला समोरूनच बसवलेलं, मागचं त्याचं त्याला ठाऊक. मी झूम करकरून बघितलं... नुसता काळोख.

अगं, शालूवर हे कसं दिसेल? कर्ल करू, बटा सोडू, गजरा माळू... मी बोलत राहिले. तिचं आपलं एकच, "ताई, बाकी तुमच्या मनानं करा. फक्त कान झाकले पायजे." आईने हौसेने मोठे झुमके घेतलेले, आणि ही कान झाकायला निघाली! मला काही कळेना.

शेवटी म्हटलं, घे बाई. जेल लावून केस कानांवर चापूनचोपून बसवले, पिना मारल्या. आणि कुठूनतरी बारीक शिट्टी ऐकू यायला लागली. स्ट्रेटनर बंद केला, पंखा बंद केला, मोबाइल तपासला. शिट्टी सुरूच... डोकं चक्रावलं माझं.

नवरीने मान खाली घातली आणि हळूच केस बाजूला केले. कानामागे ऐकायचं छोटं मशीन होतं. वरून केस घट्ट दाबले की ते शिट्टी मारतं म्हणे.

आई कासावीस झाली. "ताई, सासरच्यायले सगळं माहीत हाये. पण फोटोत मशीन दिसन, लोकं नावं ठेवतीन... म्हणून म्हटलं तिले, लग्न लागेपर्यंत काढून ठेव."

तेव्हा पोरगी पहिल्यांदा आवाज चढवून बोलली. "काढलं त मले मंगलाष्टकं कशी आयकू येतीन, आई? लोकं टाळ्या वाजवतीन, तवा समजन मले का माहं लग्न लागलं म्हणून."

कान झाकलेल्या बाया शोधत पोरगी पार दोनशे वर्षं मागे गेली होती, आणि मी झुमक्यांचं घेऊन बसले होते... फार वाईट वाटलं.

सगळ्या पिना काढल्या. केस कानांवरून सैल आणले, आत फुगवून थोडी जागा ठेवली. शिट्टी थांबली. झुमकेही खाली छान डुलत होते. मागे माझ्या मनाने अंबाडा घातला, चित्रातल्या बाईचा तसाच होता का, देव जाणे! आईने चारी बाजूंनी फिरून बघितलं. "दिसत नाई," म्हणाली, आणि डोळे पुसले.

रविवारी तसेच केस बांधून दिले. दुसरी नवरी होती, त्यामुळे लग्नाला जाता आलं नाही. संध्याकाळी तिचा व्हॉइस मेसेज आला. "ताई, सगळी मंगलाष्टकं आयकली. मामा किती बेसूर गायले, थेही आयकलं!" आणि मग नुसतं हसणं...

नवरी कशी दिसते, एवढंच मी इतकी वर्षं बघत आले. तिला काय ऐकायचंय, हे कधी विचारावंसं वाटलंच नाही. थँक्यू गं पोरी.