एग्बर्टचा सादळलेला आवाज

लहू सोनटक्के शाळेत गेला तो सातवीपर्यंत. पण रेडिओ खोलून परत जोडायला त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. न्यूयॉर्कला आला तेव्हा इंग्रजी तोडकंमोडकं. पण बिघडलेल्या यंत्राला कुठली आलीय भाषा? त्याचं कुठं अडलं नाही.

तिथं ब्रॉन्क्समध्ये एग्बर्ट नावाचा जमैकन गायक होता. रेगे गायचा. म्हणजे गुलामीत राबलेल्या वाडवडिलांची, गरिबाच्या हक्काची गाणी, संथ आणि जड ठेक्यावर. बायको पर्लची बेकरी, तिच्या तळघरात ह्याचा स्टुडिओ. स्वतः गायचा आणि गल्लीतल्या नवख्यांना बोलावून त्यांचीही गाणी रेकॉर्ड करायचा. लहू टेपरेकॉर्डर दुरुस्त करायला गेला, तो तिथलाच झाला. पहिलं गाणं ऐकून म्हणाला, "आमच्या वस्तीत भीमजयंतीला असंच गातात. फक्त आम्ही पळत गातो, तुम्ही चालत!" एग्बर्ट इतका हसला की गाणं पुन्हा घ्यावं लागलं.

सत्याऐंशी साली एग्बर्ट गेला. त्याचं शेवटचं गाणं एकाच रिळावर होतं, आणि वर्षाच्या स्मरणाला ते सगळ्यांना ऐकवायचं पर्लनं ठरवलं. लहूनं रीळ लावलं, तर टेप किंचाळली, चिकटली, तपकिरी भुकटी सोडायला लागली. लहूनं झटकन यंत्र बंद केलं. रिळांची फळी त्यानंच ठोकली होती, आणि ती नेमकी बेकरीची वाफ उतरायची त्या भिंतीला!

घरी बायको अंजना म्हणाली, "अहो, रीळच आहे ना?"

"रीळ नाही गं, माणूस आहे तो. सादळलाय."

"मग ऊन दाखवा. पापड सादळले की काय करतो आपण?"

"फेब्रुवारीत कुठलं ऊन, बये?"

"तव्याच्या उरल्या धगीवरही ठेवतोच की!"

लहू ताडकन उठला. आधी ढोलाच्या सरावाचं, असंच सादळून निकामी झालेलं एक रीळ पर्लच्या विझवलेल्या भट्टीत ठेवून पाहिलं. ते नीट वाजलं. मग एग्बर्टचं उचललं.

"लहू, माझ्या नवऱ्याला भट्टीत घालतोस?" पर्लनं त्याचं मनगट धरलं.

"भाजत नाही वहिनी, वाळवतोय."

रविवारी सकाळपासून तो मैद्याच्या पोत्यावर बसून होता. भट्टीचं दार किलकिलं, नजर थर्मामीटरवर. पर्लनं तेच ते ट्रे दोनदा घासले. दिवस कलताना रीळ लावलं, शेजारच्या यंत्रावर नक्कल सुरू केली. खरखर झाली, ठेका आला, आणि त्यामागून एग्बर्ट आला, अगदी अख्खा! मध्येच गाणं थांबवून ओरडलाही, "लहू, हलू नकोस, खुर्ची करकरतेय!"

पर्ल हसता हसता रडायला लागली. लहूनं नक्कल लावून तपासली. आवाज होता. तेव्हा कुठं त्याच्या जिवात जीव आला.

स्मरणाच्या दिवशी ती दटावणीही ऐकवली. पर्लनं कापू दिली नाही. मग उरलेली साठ रिळं रविवारी-रविवारी वाळली. एग्बर्टनं एकेकाळी गायला लावलेले ते नवखे आता नर्स, सुतार, बसड्रायव्हर झाले होते. ते आपापला आवाज न्यायला येऊ लागले.

बसड्रायव्हरनं स्वतःला ऐकून कपाळाला हात लावला. "मी इतका बेसूर होतो?"

"होतास," पर्ल म्हणाली. "तरी त्यानं तुला सात वेळा गायला लावलं."