गुलनारभाभीचा गोळ्यांचा डबा

नेरच्या आमच्या गल्लीत दवाखाना नाही, पण कधी कोणाचं अडलं नाही. गुलनारभाभीचा बिस्किटांचा जुना डबा होता ना! कंबरेची गोळी, सर्दीची गोळी, आणि काहीच सुचलं नाही तर गुलाबी. शिक्षण सातवी, पण तोरा असा, की खऱ्या डॉक्टरनंही चपला बाहेर काढून आत यावं.

तिचा नवरा जहीर गाड्या दुरुस्त करायचा. हातात कला, नाक मात्र चार वर्षांपासून ठप्प. पेट्रोल गळून राह्यलं, हे गिऱ्हाइकानं सांगावं तेव्हा याला कळायचं. भाभीच्या डब्याला त्यानं कधी हात लावला नव्हता, हा तिचा जुना सल.

त्या दिवशी बुलेट उचलताना त्याच्या कमरेत उसण भरली. भाभीनं दुखण्याची गोळी तळहातावर ठेवली. "आज तरी गुमान खा ना अजी."

खाल्ली. अर्ध्या तासात त्याचे कान लाल झाले, छातीतून शिट्टी वाजू लागली. "दम... दम घुटून राह्यला," एवढंच बोलला आणि ओठ निळे पडले.

ऑटोनं दवाखाना गाठला. ऑक्सिजन लावून डॉक्टरनं विचारलं, "काय खाल्लं होतं?" भाभीनं पाकीट पुढं केलं.

"यानंच झालं."

भाभीनं पाकीट परत ओढून उलटसुलट पाहिलं. "साहेब, हे तं अख्ख्या गल्लीनं खाल्लं आहे!"

यवतमाळला एम.एस्सी. करणारी त्यांची लेक कशफ दुपारच्या एसटीनं आली. आईचा हात धरून सांगू लागली, "अम्मी, पांढऱ्या पेशींत एक एन्झाइम असते. एकटं ते फारसं काही करत नाही. शेजारचं एक प्रोटीन त्याले कच्चा माल हाती देते, मंग ते श्वासाच्या नळ्या आवळणारी रसायनं बनवते. त्याच्यावर दुसऱ्या एन्झाइमचा ब्रेक असते. ही गोळी त्या दुसऱ्यालेच बंद पाडते. बहुतेकांले चालून जाते. अब्बाचा ब्रेक आधीच कमजोर. बंद नाक, गेलेला वास, सगळं त्याच्यातलंच."

"म्हणजे, बाहेरून कोणी जंतूबिंतू आलंच नाही?"

"नाही. घरचेच."

मास्कमागून जहीर पुटपुटला, "अन् माल हाती देणारी तुही अम्मी."

कशफ हसली. भाभीला हसू फुटलं नाही. ती आपल्या तळहाताकडेच पाहत राहिली.

जहीर दवाखान्यातून नाकाची औषधं घेऊन घरी आला. तीन आठवड्यांनी शेजारच्या रुखमाबाई गुडघे धरत दारात आल्या. "गुलनार, दे व माई ती गोळी."

दोनशे वेळा दिलेली गोळी. भाभीनं डबा उघडला, आणि बोटंच पुढं सरकेनात. "मावशी, तुमाले वास येते का? दम भरते का?"

"मी आली गोळीले, अन् हे मलेच तपासून राह्यली!"

"दवाखान्यात विचारून या, मावशी." डबा बंद झाला.

तेवढ्यात आतून जहीर ओरडला, "गुलनार! दाल करपली का?"

चार वर्षांत त्यानं हे पहिल्यांदा विचारलं होतं. आणि दाल करपली होती, हे खरं होतं.