कौल लावून वाचलेले पवित्र शास्त्र

एका देवाची परवानगी घेऊन दुसऱ्या देवाचे पुस्तक वाचणारा मनुष्य साऱ्या भरतखंडात आजवर एकच झाला, आणि तो माझा साडू होता, हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करीत आहे. मालवणच्या मामलेदार कचेरीच्या पडवीत टेबल मांडून मी आयुष्यभर लोकांचे अर्ज लिहीत आलो. माझी शाळा मराठी पाचवीतच सुटली, तरी माझ्या मसुद्यातला शब्द बदलण्याची छाती अद्याप कोणा कारकुनाला झालेली नाही. सबब, मी जे लिहितो ते तोलून लिहितो, हे वाचकांनी गृहीत धरावे.

माझ्या पत्नीच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान मालवणहून आत, भातशेतीच्या आणि काजूच्या एका गावी राहत. ते गावचे गावकार. देवळात रवळनाथापुढे उभे राहून साऱ्या गावाच्या वतीने गाऱ्हाणे घालण्याचा मान पिढ्यान् पिढ्या त्यांच्या घरात होता. ते एकेक वाक्य उच्चारीत आणि गाव एका आवाजात ‘व्हय म्हाराजा!’ म्हणे. या मानाची त्यांना इतकी सवय झाली होती की देवळाबाहेरही ते साधे बोलत नसत. एका पावसाळ्यात आमची एस.टी. चिखलात रुतली, तेव्हा हे गृहस्थ खाली उतरले आणि इंजिनापुढे हात जोडून म्हणाले, “बा गाडये, आज जो काय तुका तरास झालो आसात, तो पोटात घाल!” सारे उतारू ‘व्हय म्हाराजा!’ म्हणण्यासाठी खाली उतरले आणि गाडी निघाली. ड्रायव्हरचे म्हणणे असे की भार कमी झाल्यामुळे निघाली. साडूंनी त्याच्याकडे केवळ करुणेने पाहिले.

त्यांचे दुसरे व्यसन कौलाचे. देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. इतर लोक लग्न, जमीन, आजारपण अशा बाबतींत कौल घेतात. आमचे साडू कोणत्या गाईचा पाडा ठेवायचा इथपासून दाढी आज करावी की सोमवारी, इथपर्यंत घेत. गुरव बिचारा त्यांची चाहूल लागताच पाकळ्या भिजत घाली.

अशा माणसाच्या हाती पवित्र शास्त्र आले ते फणसाच्या झाडामुळे. फणस काढताना ते वरून पडले, मांडीचे हाड मोडले आणि मिशनच्या दवाखान्यात त्यांना दीर्घकाळ पडून राहावे लागले. भिंतीवरचे कॅलेंडर त्यांनी इतक्यांदा मोठ्याने वाचले की शेजारचे रोगी डॉक्टरांकडे तक्रार घेऊन गेले. तेव्हा देशावरून आलेल्या एका वयस्कर नर्सबाईंनी त्यांना मराठी बायबल दिले आणि बजावले, “काका, पहिल्या पानापासून सुरू करू नका. तिसऱ्या पुस्तकात अडकाल. नवे वाचक तिथेच अडकतात. आधी शुभवर्तमाने, म्हणजे येशूच्या चरित्राची चार पुस्तके, वाचा.”

“सुरवातीपासून वाचूचा नाय,” साडू म्हणाले, “तर मगे सुरवात छापल्यानी कित्याक?” आणि त्यांनी पहिल्या पानापासून आरंभ केला.

पहिले पुस्तक, उत्पत्ती, त्यांना फारच मानवले. भावाने भावाला फसवणे, विहिरींवरून भांडणे, म्हाताऱ्या बापाकडून आशीर्वाद लाटणे. “सगळी आमच्या गावचीच माणसां,” असे ते म्हणत. दुसऱ्या पुस्तकात देवाने मोशेला सांगितलेली आपल्या मंडपाची मापे आली, तेव्हा हे कुबडी टेकीत घरी पोहोचलेले होते. त्यांनी काथ्याची दोरी घेतली, खळ्यात खुंट्या ठोकल्या आणि तो मंडप हाताच्या मापाने आखून काढला. माझ्या मेहुणीचे वाळत घातलेले भात नेमके परमपवित्र स्थानी, म्हणजे मंडपाच्या गाभाऱ्यात, आले.

“हंयसर आता कोणी पाय ठेवचो नाय,” साडूंनी जाहीर केले.

“मगे भात कोण उलथतलो?” मेहुणी सुपासह आत शिरत म्हणाली. “तुमचो मोशे येतलो काय?”

पुढे नर्सबाईंचे भाकीत खरे झाले. लेवीय नावाच्या तिसऱ्या पुस्तकात, कोणत्या बळीची चरबी कशी जाळावी या प्रकरणांत, आमचे साडू चिखलातल्या त्या एस.टी.सारखे रुतले. उरलेली साठाहून अधिक पुस्तके समोर, आणि पुढे कोणते वाचावे हे सांगणारे कोणी नाही. अशा वेळी दुसरा मनुष्य एखाद्या पाद्र्याला विचारता. आमचे साडू रवळनाथाकडे गेले.

गुरवाने कौल लावला. ‘देवा, शुभवर्तमान वाचू काय?’ उजवी पाकळी पडली. चारही शुभवर्तमाने वाचून ते माझ्याकडे आले. “भाऊ, चार माणसां एकच गोष्ट सांगतत, आणि पुरती जुळणा नाय. ह्या कसा?” मी त्यांना माझ्या व्यवसायातले रहस्य सांगितले: चार साक्षीदारांचे जबाब अक्षरशः जुळले की समजावे, पढवलेले आहेत, थोडा फरक असला की समजावे, माणसे जागेवर हजर होती. हा खुलासा त्यांनी पुढे आयुष्यभर स्वतःचा म्हणून सांगितला. मग ईयोब नावाच्या पुस्तकाला कौल मिळाला. त्या दुःखी माणसाच्या उशाशी बसून त्यालाच दोष देणाऱ्या मित्रांचा त्यांना असा संताप आला की ते माझ्याशी बोलेनासे झाले. कारण विचारता म्हणाले, “माझो पाय मोडलो तेवा तूय असोच उशाक बसान माझी चुकी सांगत होतंस!” ईयोबाला शेवटी त्याची गुरेढोरे परत मिळाली, तेव्हाच माझ्याशी त्यांचे बोलणे सुरू झाले.

एव्हाना गोष्ट गावभर झाली होती. साडू दवाखान्यात असताना गाऱ्हाणे त्यांच्या चुलतभावाने घातले होते आणि तो मान आता परत देण्याची त्याची इच्छा नव्हती. “रवळनाथाक इचारून किरिस्तावांचा पुस्तक वाचणारो गावकार आमका नको,” असे तो घरोघर सांगत फिरला. “बरा, वाचता तर धड पुरा तरी करता काय? ता लेवीय अर्ध्यार टाकल्यान!” जत्रेआधी देवळात गावाची बैठक बसेल आणि मान कोणाचा ते ठरेल, असे नक्की झाले. साडू वरून हसत, पण मला त्यांनी एकदाच सांगितले, “भाऊ, देवाम्होरचो तो एक आवाज गेलो तर माझ्याकडे दुसरो आवाज नाय.” त्या दिवसापासून त्यांनी कुबडीशीही गाऱ्हाण्याच्या भाषेत बोलणे सोडले. घर इतके शांत झाले की मेहुणीला काळजी वाटू लागली.

आता पुढे काय वाचावे, असे त्यांनी या वेळी आधी मला विचारले. मी ते पुस्तक वाचलेले नव्हते, तथापि सल्ला देण्यास त्यामुळे कधी अडचण येत नाही. मी म्हणालो, “निकालपत्राचे नेहमी शेवटचे पान पाहावे. तुम्ही शेवटचे पुस्तक, प्रकटीकरण, वाचा.” रवळनाथाने डावी पाकळी दिली. मग त्यांनी अंदाजाने पुस्तक मध्येच उघडले, ‘स्तोत्रसंहिता’ असे नाव निघाले, आणि गुरवाच्या सांगण्याप्रमाणे प्रश्न पुरा होण्याआधीच उजवी पाकळी खाली आली.

दोन दिवसांनी भर कचेरीच्या वेळी हा मनुष्य लंगडत, धापा टाकीत माझ्या टेबलापाशी आला. माझे पक्षकार बाजूला सारून त्यांनी पुस्तक पुढ्यात आपटले. “अरे भाऊ, ही सगळी गाऱ्हाणीच आसत रे! एक राजा देवाम्होर उभो ऱ्हवान अगदी आमच्यासारको बोलता!” मी चष्मा लावून दोन-तीन तपासली. खरोखर, माझ्या हातून त्याहून निर्दोष मसुदा झाला नसता. आरंभी मायना, मग तक्रार, मग पूर्वीच्या उपकारांचे स्मरण, शेवटी मागणी. काही ठिकाणी अर्जदार देवाला थेट विचारतो की तू झोपलास काय? एवढे धाडस मी मामलेदारापुढेही केलेले नाही.

बैठकीच्या दिवशी मी बचावाचे मुद्दे तयार करून गेलो होतो. साडू म्हणाले, “ता खिशात ऱ्हवांदे.” चुलतभावाने आपले आरोप मांडले आणि शेवटी म्हणाला, “आज पुस्तक, उद्या ह्यो समयच्या जाग्यार मेणबत्ती लावतलो!” हशा झाला. तेव्हा सर्वांत वृद्ध मानकरी म्हणाले, “निकाल देव देतलो. पण कौलाआधी गाऱ्हाणा होया. दोघांनीय घाला.”

चुलतभावाने नेहमीचे गाऱ्हाणे घातले. अचूक आणि भरभर. गावानेही सवयीने, एक डोळा मिटून, ‘व्हय म्हाराजा’ म्हटले. मग आमचे साडू कुबडी खांबाला टेकवून उभे राहिले.

“बा देवा रवळनाथा! किती दिस आमच्याकडे पाठ करून ऱ्हवतलंस? आमका इसारलंस काय?”

पहिला आवाज मागून, बायकांचा आला, “व्हय म्हाराजा!”

“माझो पाय घसारलो, तेवा हात धरलंस तो तूच. हाडां मोडली, तरी जीव ठेवलंस तो तूच!”

“व्हय म्हाराजा!”

“आमचे झील बोटीर चढान मुंबयक गेले. त्यांच्या आवशींच्या डोळ्यातला पाणी उशीर सुकता, ता तुका दिसता मां?”

“व्हय म्हाराजा!” आणि सर्वांत मोठा आवाज चुलतभावाचा होता. त्याचाही एकुलता मुलगा मुंबईला गिरणीत लागलेला. बऱ्याच दिवसांत त्याची खुशाली नव्हती. यापुढे मूळ पुस्तकात शत्रूंचे दात पाडावेत अशी मागणी येते. ती साडूंनी गाळली, कारण चुलतभावाच्या तोंडात पाडण्याजोगे फारसे उरले नव्हते. त्याऐवजी ते म्हणाले, “माझ्यार उठलो तोय माझोच भाव; तेकाय बरो ठेव!” देवळाचे कौल हलतील असा ‘व्हय म्हाराजा’ उठला.

गाव निवल्यावर एका म्हातारीने डोळे पुशीत विचारले, “गावकारांनू, ह्या नवीन गाऱ्हाणा. खंयसून इला?”

‘देवाने सुचवले’ एवढे म्हटले असते तरी काम झाले असते. मी त्यांना तशी खूणही केली. पण ते सरळ म्हणाले, “त्याच पुस्तकातसून.”

मानकरी जमिनीकडे पाहू लागले. आणि चुलतभाऊ उठला. “खंयसूनय येवंदे,” तो म्हणाला. “आमच्या झिलांचा आजपर्यंत देवाक कोणी सांगूक नव्हता. मियाय नाय. लाव रे गुरवा, कौल लाव.”

उजवी पाकळी पडली. ढोल वाजला, आणि मोडक्या पायाच्या माझ्या साडूंना गावाने खांद्यावर घेऊन देवळाभोवती फिरवले. कुबडी मी धरली होती. प्रदक्षिणा संपताच चुलतभाऊ म्हणाला, “पण एक सांगतंय. ता लेवीय पयला पुरा कर. गावकारान काम अर्धवट सोडूचा नाय!”

त्या पावसाळ्यात दोघांनी मिळून लेवीय पुरे केले. भिंतीवरच्या बुरशीसंबंधीचे नियम चुलतभावाला इतके पटले की त्याने आपली पडवी खरवडून काढली. त्यानंतर पुढचे कोणते पुस्तक घ्यायचे हा साऱ्या गावाचा प्रश्न झाला; कौलाच्या वेळी लोक आपापल्या शिफारशी घेऊन येत. योनाच्या, म्हणजे माशाने गिळलेल्या माणसाच्या, पुस्तकाला आमच्या मालवणच्या बाजूचे मासेवालेही ऐकायला बसले. प्रकटीकरणाला मात्र रवळनाथाने शेवटपर्यंत संमती दिली नाही, आणि ते एक पुस्तक न वाचताच आमचे साडू एका थंडीत, दुपारची पेज घेऊन जरा पडतो म्हणाले, ते उठले नाहीत.

आता गाऱ्हाणे चुलतभाऊ घालतो. दरवर्षी जत्रेला मी जातो. मध्येच एका जागी त्याचा आवाज उतरतो आणि तो म्हणतो, “दिस कलतत, सावली लांब जाता, म्हाराजा, पण तू आसस, थंयच आसस.” मुंबईहून आलेली पोरे हात जोडून ओ देतात. त्यांना वाटते, हे पूर्वजांपासून चालत आलेले आहे. ही ओळ त्या राजाच्या गाऱ्हाण्यांतून गावात कोणी आणली, हे मला अद्याप कोणी विचारलेले नाही. विचारल्यास सांगण्याची माझी तयारी आहे. त्यासाठी गाऱ्हाणे संपल्यावर मी दरवर्षी सभामंडपात थोडा मागे थांबतो.