वस्तीत उघडलेली धोकटी

गडहिंग्लजची एसटी कोल्हापूर स्टँडवरून सुटली तेव्हा टपावर कुदळी, पहारी आणि एक मोठे पातेले चढले होते. आत कॉलेजची दहा-बारा मुले होती. दर रविवारी वसतिगृहात एकत्र बसून ती त्रिशरण-पंचशील म्हणत. काही जन्माने बौद्ध, काही मराठा, एक जैन, एक न्हावी. नुसते म्हणून भागत नाही, असे वाटून त्यांनी नेसरीच्या बाजूच्या एका बौद्ध वस्तीत आठवडाभर श्रमदान करायचे ठरवले होते. शिबिराचा वृत्तांत लिहिण्यासाठी मी सोबत होतो.

गडहिंग्लजला गाडी बदलली. पुढे माती लाल होत गेली, ऊस मागे पडला, काजूची झाडे दिसू लागली. गाव आणि वस्ती यांच्यामध्ये एक ओढा होता. पावसाळ्यात वस्तीतल्या मुलांची शाळा त्यामुळे बुडे. त्यावर दगडी फरशी (पाण्यातून जाण्याची बुटकी वाट) बांधायची होती.

दुपारी नाचणीची भाकरी आणि खर्डा आला. मुलांच्या डोळ्यांना पाणी आले. वाढणारी बाई म्हणाली, "घ्या की पावणं! कालेजात मिरची शिकवत न्हाईत व्हय?"

दुसऱ्या दिवशी शिबिराचा प्रमुख सुधाकर, जो जन्माने बौद्ध होता, त्याचे लक्ष वस्तीतल्या डोक्यांकडे गेले. केस वेडेवाकडे कापलेले होते. रामा नावाच्या म्हाताऱ्याने खुलासा केला, "गावचा न्हावी आमच्या डोस्क्याला हात लावत न्हाय. धर्म बदलून ईस वरसं होत आली. केसं तीच की!"

सुधाकर दत्ताकडे वळला. दत्ता न्हाव्याचा मुलगा. वसतिगृहात सगळ्यांचे केस कापून तो जेवणाचा खर्च भागवी. धोकटी (न्हाव्याच्या हत्यारांची पिशवी) याही वेळी त्याच्याजवळ होती.

"काढ की धोकटी. होस्टेलात माझी कापतोसच."

दत्ता उठला नाही. "होस्टेल कोल्हापुरात हाय. आमचं घर हितनं दोन गावं अलीकडं. आमचा आबा बलुत्यावर जगतोय. मी हितं कातर लावली, तर तिकडं त्याची बंद हुईल."

सुधाकर ओशाळला. "माझ्या ध्यानातच आलं न्हाय. ऱ्हाऊ दे."

दिवसभर दत्ता दगड वाहत राहिला. दुसऱ्या सकाळी शिबिरातली रोजची त्रिशरण-पंचशीलाची वंदना झाली आणि त्याने लिंबाखाली पोते अंथरले.

"बसा आजा."

"इचार कर, लेकरा."

"केलाय. मान हलवू नगासा."

कारण मी नंतर विचारले. तो म्हणाला, "रोज सकाळी तोंडानं म्हणायचं आणि धोकटी झाकून ठेवायची, ते जमंना."

बातमी पोचायला वेळ लागला नाही. पुढच्या दुपारी त्याचे वडील सायकलवरून आले. ओढ्यापलीकडेच थांबले. अर्ध्या झालेल्या फरशीवर त्यांनी पाय ठेवला नाही.

"दत्त्या! कुणाला इचारून केलंस?"

"कुणालाच न्हाय."

"उद्यापासनं येऊ नगोस म्हणून गावानं सांगितलंय मला. तुझी आय काय शिजवंल?"

पोत्यावर बसलेला माणूस अर्ध्या कापल्या डोक्याने उठू लागला. दत्ताने त्याचा खांदा दाबला. "एवढं पुरं करून येतो, आबा."

वडिलांनी सायकल वळवली. "पुरं करून येणार कुठं?"

फरशी ठरल्या दिवशी पुरी झाली. परतीच्या एसटीत सुधाकरने दत्ताला सरळ कोल्हापूरला चलण्याचा आग्रह केला. दत्ताने मात्र आपल्या गावाच्या फाट्यावर गाडी थांबवायला सांगितली.

"मी येऊ संगं?" सुधाकरने विचारले.

"नगो. तू आलास तर दार उघडायचं न्हाय."

तो उतरला. धोकटी बगलेत होती. फाट्यावर कुणी नव्हते. गाडी हलली तेव्हा तो गावाच्या दिशेने चालू लागला होता.

स्टँडवर उतरल्यावर चहाचे नाव कुणी काढले नाही. व्रत माणूस एकटा घेतो, पण त्याची झळ घरातल्या सगळ्यांना लागते. दत्ताला हे आधीच ठाऊक होते. आम्हा बाकीच्यांच्या हातांना फक्त फोड आले होते.